सेन्सर बदलण्याआधी मीटर लावा

पावसाळ्याच्या तोंडावर मुंबईतल्या नाल्यांत छोटे स्किड स्टिअर लोडर क्रेनने उतरवले जातात. गाळात तासन्‌तास राबणाऱ्या या यंत्राच्या पुढे कधी बकेट असते, कधी ग्रॅपल. रस्त्याच्या कामावर त्यालाच ब्रेकर, ऑगर, फिरता झाडू किंवा डांबर खरवडणारा प्लॅनर जोडतात. ऑपरेटर बटण दाबतो, अटॅचमेंट जागची हलत नाही, डिस्प्लेवर आकडे उमटतात आणि दहा मिनिटांत साइटवर निदान ठरतं: सेन्सर गेला. नाहीतर व्हॉल्व्हची कॉइल गेली. नवा भाग मागवला जातो, तो येईपर्यंत यंत्र उभं राहतं, भाग बसतो आणि तोच आकडा परत दिसतो.

कोड खोटं बोललेला नसतो. त्याला जे दिसलं तेवढंच त्याने सांगितलेलं असतं. कंट्रोलर आपल्या पिनेवरचं व्होल्टेज आणि प्रवाह बघतो. त्या पिनेपासून निघालेली वायर लिफ्ट आर्मच्या बिजागरीवरून जाते, पुढच्या कपलरमध्ये शिरते, अटॅचमेंटच्या वायरिंगमधून कॉइलपर्यंत पोचते आणि अर्थमार्गे परत येते. या वाटेवर कुठेही बिघडलं तरी आकडा एकच. कोड वाट दाखवतो. त्या वाटेवरचा खड्डा माणसालाच शोधावा लागतो.

या यंत्राचा जन्म वायरींशिवाय झाला. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात रॉथसे नावाच्या छोट्या गावी लुई आणि सिरिल केलर या भावांनी टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्यासाठी 1957 च्या सुमारास तीन चाकांचा हलका लोडर बनवला. खुराड्यातल्या खांबांमधून तो वळायला हवा होता आणि वरच्या मजल्याला पेलायला हवा होता. पुढे मेलरो कंपनीने 1960 मध्ये त्याला चौथं चाक दिलं आणि आजचा स्किड स्टिअर उभा राहिला. तेव्हा अटॅचमेंटला तेलाचे दोन पाइप जोडले की काम संपत असे. आज पाइपांच्या शेजारी एक विजेचा कपलर असतो, काही यंत्रांवर 7 पिनांचा, काहींवर 14 पिनांचा. प्लॅनरचं पातं डावीकडे सरकवायचं, झाडूवर पाणी मारायचं, ब्लेड तिरकं करायचं, हे सगळं जॉयस्टिकवरच्या बटणातून या पिनांवाटे जातं. चिखल, दगड आणि पाणी यांना सर्वांत जवळचा, रोज काढला-घातला जाणारा यंत्रातला विजेचा सांधा तो हाच.

कोड वाचायची रीत अवघड नाही. अनेक यंत्रं एसएई जे 1939 या मानकाप्रमाणे दोन आकडे देतात. पहिला एसपीएन, म्हणजे तक्रार कोणत्या सर्किटची किंवा मोजमापाची. दुसरा एफएमआय, म्हणजे तक्रार काय प्रकारची. काही कंपन्या स्वतःचे वेगळे क्रमांक दाखवतात, पण त्यांच्या पुस्तिकेत अर्थ बहुधा याच चौकटीत बसतो. साइटवर खरा उपयोगी आकडा दुसरा, आणि नेमका तोच कोणी लिहून घेत नाही. एफएमआय 3 म्हणजे व्होल्टेज प्रमाणाबाहेर जास्त किंवा वायर प्लसला चिकटलेली. 4 म्हणजे व्होल्टेज कमी किंवा मायनसकडे शॉर्ट. 5 म्हणजे प्रवाह कमी किंवा सर्किट तुटलेलं. 6 म्हणजे प्रवाह जास्त किंवा बॉडीला अर्थ झालेला. फोनवर मेकॅनिकला “कोड आलाय” एवढंच सांगितलं तर तो अंदाजाने भाग आणतो. “5 आलाय” म्हटलं तर त्याला निदान कळतं की वाट कुठेतरी तुटली आहे आणि शॉर्ट शोधत बसायचं नाही.

आता त्या 5 कडे जरा जवळून बघू.

अटॅचमेंटच्या व्हॉल्व्हवर 12 व्होल्टची कॉइल आहे आणि तिचा रोध 8 ओहम आहे असं धरू. सगळं ठीक असेल तर तिच्यातून दीड अँपिअर प्रवाह जातो. कपलरच्या एका पिनेवर हिरवा थर चढला आणि तिथे 4 ओहमचा रोध तयार झाला. एकूण रोध 12 ओहम, म्हणून प्रवाह 1 अँपिअरवर उतरला. कॉइलच्या वाट्याला आले फक्त 8 व्होल्ट. उरलेले 4 त्या पिनेने खाल्ले. व्हॉल्व्हचा स्पूल पुरता ओढला जात नाही, कंट्रोलरला अपेक्षेपेक्षा कमी प्रवाह दिसतो आणि तो 5 लिहून ठेवू शकतो. त्या पिनेवर 4 वॉट उष्णता सतत तयार होत राहते, म्हणून भोवतालचं प्लास्टिक तपकिरी पडतं. कपलर उघडून उजेडात धरला तर हा डाग डोळ्यांना दिसतो. नाल्याच्या कामावरच्या यंत्रात हिरव्याऐवजी काळा थरही मिळतो, कारण सडलेल्या गाळातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तांब्याला काळं करतो. कोकणात आणि गोव्यात किनाऱ्यावर चालणाऱ्या यंत्रांना खारी हवा पिनांवर थर चढवण्याचं काम लवकर करून देते.

इथेच मल्टिमीटर अनेकांना फसवतो. कपलर काढून मीटर लावला की 12 व्होल्ट सरळ दिसतात आणि “सप्लाय ओके” म्हणून गडी पुढे जातो. मीटरमधून प्रवाह जवळपास वाहतच नाही. प्रवाह नाही तर त्या खराब पिनेवर व्होल्टेज पडणार तरी कसं? वीस तारांतली एकच तार शाबूत उरलेली वायरसुद्धा अशा वेळी 12 व्होल्ट दाखवेल. म्हणून मोजणी भाराखाली करायची. कपलर जोडलेला, बटण दाबलेलं आणि मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं कॉइलच्या अर्थ पिनेला. तिथे शून्याच्या जवळपास आकडा हवा. एखादा व्होल्ट दिसला तर दोष अर्थकडे आहे आणि नवी कॉइल घेण्यात अर्थ नाही. मुख्य सप्लायची वायर तपासायला 21 वॉटचा इंडिकेटर बल्ब जोडून बघण्याची जुन्या वायरमनची पद्धत आजही खरी आहे. तो पावणेदोन अँपिअर ओढतो आणि कच्ची वायर लगेच उघडी पाडतो. मात्र कंट्रोलरच्या सिग्नल वायरवर किंवा सेन्सरच्या वायरवर हा बल्ब कधीही लावू नये. तिथला इलेक्ट्रॉनिक भाग एवढा प्रवाह सोसण्यासाठी बनवलेला नसतो.

कॉइलवर संशय असेल तर एक पैसाही न खर्चता खातरजमा होते. शेजारच्या सारख्याच कॉइलशी कपलरची अदलाबदल करायची. तक्रार कॉइलबरोबर सरकली तर कॉइल दोषी. तिथेच राहिली तर वायरिंग किंवा कंट्रोलर. कोड येतो-जातो अशी तक्रार असेल तर मीटर लावून ठेवायचा आणि दुसऱ्याने बिजागरीपासून कपलरपर्यंत वायरिंग हातभर-हातभर हलवत जायचं. आर्म प्रत्येक फेरीत वर-खाली होतो, तिथे वायर आतून तुटते आणि वरचं आवरण धड दिसतं. हे काम इंजिन बंद आणि आर्म खाली किंवा लॉकवर असतानाच करायचं, हे सांगायलाच हवं.

काही अटॅचमेंटमध्ये स्वतःचा कंट्रोलर असतो आणि तो यंत्राशी कॅन बसच्या दोन वायरींवरून बोलतो. ही पद्धत बॉश कंपनीने 1986 मध्ये मांडली. बसच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचे रेझिस्टर असतात. बॅटरी बंद करून दोन वायरींमध्ये मोजलं तर साधारण 60 ओहम यायला हवेत. 120 आले तर एक टोक सुटलं आहे, 40 च्या आसपास आले तर कोणी तिसरा रेझिस्टर घुसवला आहे, आणि शून्याजवळ असेल तर वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत.

दिसायला सारखा 14 पिनांचा कपलर वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर वेगळ्या जोडणीचा असू शकतो. त्यामुळे बाजारात बनवून घेतलेला जोड बसला म्हणजे जुळला असं होत नाही. चुकीच्या पिनेवर 12 व्होल्ट गेले की जो कंट्रोलर आजवर निर्दोष होता तो खरोखरच जातो.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे कोड पुसून काम रेटणं, आणि त्याहून वाईट म्हणजे सीट बारचा किंवा लॉकचा स्विच वायर मारून कायमचा चालू ठेवणं. तो स्विच ऑपरेटर जागेवर नसताना आर्म आणि अटॅचमेंट हलू नये म्हणून दिलेला असतो. तो बायपास करणारा माणूस दुसऱ्याच्या हातापायांचा सौदा करतो, आणि मालकाने याला “जुगाड” म्हणून शाबासकी देणं बंद केलं पाहिजे. बाकी नुकसान निष्काळजीपणाचं: अटॅचमेंटवर वेल्डिंग करताना कपलर जोडलेलाच ठेवणं, प्रेशर वॉशरचा फवारा थेट पिनांवर मारणं, अटॅचमेंट उतरवल्यावर कपलरला टोपी न लावता तो चिखलात सोडणं, तपासणीसाठी वायरीच्या आवरणात सुई खुपसणं. त्या सुईच्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या पावसाळ्याचा बिघाड आजच पेरला जातो.

दोष एकट्या ऑपरेटरवर किंवा मेकॅनिकवर टाकणं अन्यायाचं ठरेल. यंत्र विकताना वायरिंगचा नकाशा क्वचितच हातात येतो, आणि आला तर इंग्रजीत. आयटीआयमध्ये ऑटो इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सचा ट्रेड आहे, बांधकाम यंत्रांसाठी स्वतंत्र कौशल्य परिषदही आहे. भाराखाली व्होल्टेज मोजणं हा तिथे हाताने करायचा धडा असायला हवा, कारण कोड छापणारी यंत्रं आता तालुक्याच्या गावातही पोचली आहेत.

अटॅचमेंट विकत घेणाऱ्या किंवा भाड्याने लावणाऱ्या प्रत्येक मालकाला म्हणूनच विनंती आहे. ऑर्डरवर सही करण्याआधी पिनांच्या जोडणीचा नकाशा आणि कोडांची यादी लेखी मागा, मराठीत मिळाली तर उत्तम. यंत्राच्या टूलबॉक्समध्ये एक चांगला मल्टिमीटर आणि कपलर साफ करायचा स्प्रे ठेवा. आणि कोड आला की नवा भाग मागवण्याआधी दोन्ही आकडे वहीत लिहायला ऑपरेटरला सांगा.