बांधून पाठवलेल्या माना

संक्रांत जवळ आली की नायलॉन मांजाने गळा चिरलेला दुचाकीस्वार नागपूर-नाशिककडच्या कॅज्युअल्टीत येणार, हे आम्ही सर्जन धरूनच चालतो. हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी मांजा विकला जातोच. विकणाऱ्यांना झोडपणारे पुष्कळ आहेत. मला माझ्याच पेशातल्यांना चार शब्द सुनवायचे आहेत.

जखम प्लॅटिस्मा या कातडीखालच्या पातळ स्नायूच्या आत गेली की ती गंभीर धरायची, हे प्रत्येक एमबीबीएसला शिकवतात. तरीही कुणीतरी ‘खोल किती आहे बघू’ म्हणत आर्टरी फोर्सेप आत घालतो. गुठळी निघते आणि थांबलेली धार पुन्हा उडते. अरे, तिथे कॅरोटिड धमनी आहे! खोली बघायची ती ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत), भूल, रक्त आणि सक्शन तयार असताना. दुसरा कुणी सवयीने कॉलर चढवतो. चिरलेल्या मानेच्या रुग्णाचे हातपाय नीट हलत असतील तर कॉलर कशाला? तिच्याआड सूज वाढत जाते आणि श्वास कोंडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

करायचं असतं ते साधं आहे. ग्लोव्ह घातलेलं बोट नेमकं वाहत्या जागी दाबायचं आणि ओटीत पोचेपर्यंत उचलायचं नाही. गॉजचा गठ्ठा ठेवून वर पट्टी गुंडाळली म्हणजे दाब दिला असं होत नाही. गठ्ठ्यामागून रक्त वाहतच राहतं. बोट पुरत नसेल तर फोलीज कॅथेटर जखमेत सरकवा, फुगा फुगवा. लघवीची ती नळी ग्रामीण रुग्णालयातही असते.

धार उडतेय, गाठ वाढतेय, श्वास घरघरतोय, जखमेतून बुडबुडे येताहेत, बीपी कोसळलंय, यातलं एक जरी दिसलं तरी थेट ओटी. सीटी अँजिओ स्थिर रुग्णासाठी आहे. रक्त उडत असलेल्या माणसाला सीटीच्या दाराशी ताटकळत ठेवणं हा गुन्हा आहे, असं मी मानतो. आणि स्थिर दिसणाऱ्याची अन्ननलिका तपासायला विसरू नका. तिचं छिद्र पहिल्या दिवशी गप्प असतं; छातीत पू झाला की बोलतं.

‘एमएलसी (पोलीस केस) आहे, पोलीस येऊ द्या’ हे वाक्य तर अजूनही कानावर येतं. आधी उपचार, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच बजावलं आहे. तुमच्यापर्यंत ते पोचायला अजून किती वर्षं हवीत?

मान चिरलेल्या अशाच एका रुग्णाच्या हातातल्या चिठ्ठीवर फक्त ‘पुढील उपचारासाठी रेफर’ एवढंच होतं. वेळ नाही, बीपी नाही, रक्त कुठून येत होतं त्याचा पत्ता नाही. बायको सांगत होती, “साहेब, तिकडं नुसतं बांधून दिलं हो.” पट्टी सोडली तेव्हा आतली गादी रक्ताने निथळत होती.

तुमच्याकडे सर्जन नसेल तर जरूर पाठवा. पण जखमेवर बोट दाबून धरणारा माणूस ॲम्ब्युलन्समध्ये सोबत द्या आणि निघण्याआधी फोन करा. आम्ही ओटी उघडून ठेवतो.