रक्त ‘तपासलेले’ आहे, पण कोणत्या तपासणीने?

रक्तपेढीतून आणलेली प्रत्येक पिशवी तपासलेली असते. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाचही तपासण्या आपल्या देशात कायद्याने बंधनकारक आहेत. तरीही मे २०२२ मध्ये नागपुरातून बातमी आली की नियमित रक्त घेणाऱ्या थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाली आणि त्यांतले एक मूल दगावले. काही मुलांना हिपॅटायटिसचाही संसर्ग झाल्याचे तेव्हा सांगितले गेले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने स्वतःहून दखल घेऊन राज्य सरकारला नोटीस पाठवली. आपल्या जरीपटक्यात थॅलेसेमिया केंद्र चालवणारे डॉ. विंकी रुघवानी यांनी त्या वेळी जाहीरपणे म्हटले होते की या मुलांना ‘नॅट’ तपासणी केलेलेच रक्त मिळायला हवे.

ही नॅट म्हणजे काय, आणि ती नसताना तपासलेल्या रक्तातूनही विषाणू कसा निसटतो, हे समजून घ्या. मग माझे मत पटते का ते तुम्हीच ठरवा.

नेहमीची तपासणी म्हणजे एलायझा. ती मुख्यतः विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधते. नव्या प्रकारची एलायझा विषाणूचे प्रथिनही शोधते. पण लागण झाली आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपिंडे हजर, असे होत नाही. एचआयव्हीत साधारण दोन ते तीन आठवडे जातात, हिपॅटायटिस सीच्या प्रतिपिंडांना तर दोन महिन्यांच्या आसपास लागतात. या मधल्या काळाला ‘विंडो पिरियड’ म्हणतात. रक्तदाता ठणठणीत, रिपोर्ट निगेटिव्ह, आणि विषाणू मात्र पिशवीत. चोर घरात शिरलाय, पण कुत्रा अजून भुंकलेला नाही, अशी ही अवस्था.

नॅट कुत्र्याच्या भुंकण्याची वाट पाहत नाही, ती थेट चोरालाच शोधते. विषाणूची जनुकीय सामग्री रक्तात अगदी थोडी असते, म्हणून आधी तिच्या भरमसाट प्रती काढाव्या लागतात. हे काम पीसीआर करते. कोविडमुळे हा शब्द घराघरांत पोहोचला, पण नाकातल्या काडीपलीकडे त्याचे काय चालते हे फारसे कुणी सांगितले नाही.

डीएनए ही दोन धाग्यांची शिडी. ती ९५ अंशांपर्यंत तापवली की मधून उलगडते आणि दोन धागे सुटे होतात. मग तापमान ५०-६० अंशांवर आणतात. तिथे ‘प्रायमर’ नावाचे छोटे तुकडे, जे फक्त आपल्याला हव्या असलेल्या मजकुराशीच जुळतात, धाग्यावर जाऊन बसतात. त्यानंतर ७२ अंशांवर एक एन्झाइम प्रायमरपासून पुढे समोरचा धागा विणत जाते. एकाचे दोन झाले. पुन्हा तापवा, पुन्हा निववा: दोनाचे चार, चाराचे आठ. दहा फेऱ्यांत हजाराच्या वर, वीस फेऱ्यांत दहा लाखांच्या वर, तीस फेऱ्यांत शंभर कोटींच्या वर. हे सगळे दोन-तीन तासांत. प्रायमरला जुळणारा मजकूर नमुन्यात नसेल, तर प्रती निघतच नाहीत. निगेटिव्ह म्हणतात ते हेच.

९५ अंशांना कुठलेही साधे एन्झाइम उकडलेल्या अंड्यासारखे निकामी होते (आपल्याला तर मे महिन्यातले ४६ सोसत नाहीत). म्हणून ते अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम पाण्याच्या झऱ्यांत राहणाऱ्या एका जिवाणूकडून घेतले. कॅरी मुलिस यांना पीसीआरची कल्पना १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी यांची सामग्री आरएनएची असते, म्हणून आधी तिचे डीएनएत रूपांतर करावे लागते. ‘आरटी-पीसीआर’मधले ‘आरटी’ ते हेच. नॅटची काही यंत्रे पीसीआरऐवजी एकाच तापमानावर प्रती काढतात, पण तत्त्व तेच.

याचा फायदा असा की एचआयव्ही साधारण दहा-बारा दिवसांत सापडतो आणि हिपॅटायटिस सी आठवड्याभरात. हिपॅटायटिस बीमध्ये फायदा त्यामानाने कमी, पण आहे. पहिले काही दिवस नॅटलाही विषाणू दिसत नाही, त्यामुळे ‘नॅट केले म्हणजे शंभर टक्के सुरक्षित’ असे कुणी सांगितले तर मानू नका.

आता माझे मत. आपल्याकडे नॅट सक्तीची नाही. सगळ्यांना ती परवडणार नाही, यंत्रे महाग आहेत, हजारो पिशव्यांमागे एखादीच सापडते, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकतो आणि तो अगदीच पोकळ नाही. पण अपघातात आयुष्यात एकदाच दोन पिशव्या लागणारा माणूस आणि थॅलेसेमियाचे मूल यांना एकाच मापाने मोजू नका. महिन्याला दोन पिशव्या धरल्या तरी वर्षाला चोवीस होतात. दहा वर्षांत हे मूल दोनशेहून अधिक अनोळखी माणसांचे रक्त घेते. इतरांसाठी नगण्य असलेला धोका त्याच्या वाट्याला दोनशे वेळा येतो. म्हणून नियमित रक्त लागणाऱ्या प्रत्येक रुग्णासाठी नॅट सक्तीची आणि मोफत हवी. यासाठी प्रत्येक छोट्या रक्तपेढीत यंत्र लागत नाही. नमुने शहरातल्या एका केंद्रावर पाठवता येतात. जर्मनीने हिपॅटायटिस सीसाठी ही तपासणी १९९९ मध्येच बंधनकारक केली. दानात मिळालेले रक्त मोफत देतो असे सरकार म्हणते, तर त्यातला विषाणूही मोफत मिळू नये, एवढेच मागणे आहे.

तुमच्या घरात असे मूल असेल तर रक्तपेढीत स्पष्ट विचारा: नॅट झाली का? एकेका नमुन्याची की सहा-सहा नमुने एकत्र करून? एकत्र केल्याने खर्च वाचतो, पण विषाणू थोडा असेल तर तो पातळ होऊन निसटण्याची शक्यता वाढते. मुलाला हिपॅटायटिस बीची लस दिलेली आहे ना, हेही बघा.

आणि रक्तदात्यांनो, ‘रिपोर्ट फुकटात कळेल’ म्हणून रक्तदान करू नका. आपल्याला लागण झाली असेल अशी शंका असेल तर सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात एचआयव्हीची तपासणी मोफत होते, नावही गुप्त राहते. शिबिरातला तो प्रश्नांचा फॉर्म मित्रांसमोर लाज वाटते म्हणून खोटा भरला, तर जगातले कुठलेही यंत्र पहिल्या काही दिवसांतली लागण पकडून देणार नाही.

पीसीआरचा आणखी एक उपयोग जरीपटक्याला विशेष लागू आहे. फाळणीनंतर इथे स्थिरावलेल्या सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक जास्त आढळतात. त्यांच्यातल्या एका नेहमीच्या दोषात जनुकातली ६१९ अक्षरेच गळालेली असतात. त्या जागेची पीसीआरने प्रत काढली की ती तेवढीच आखूड निघते, म्हणून दोष लगेच ओळखू येतो. पण हा प्रश्न फक्त सिंध्यांचा नाही. विदर्भात सिकलसेलचे वाहक पुष्कळ आहेत, आणि एक जण सिकलसेलचा व दुसरा थॅलेसेमियाचा वाहक असेल तरी मूल आजारी होऊ शकते.

वाहक आहात का हे कळायला पीसीआर लागत नाही. एचबीए-२ मोजणारी रक्ततपासणी पुरते. ती लग्नाआधी करा. दोघेही वाहक निघालात तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता आजारी मुलाची असते. गर्भाची तपासणी दहाव्या ते बाराव्या आठवड्यात करता येते, मात्र त्याआधी आई-वडिलांचे नेमके दोष शोधून ठेवावे लागतात आणि त्याला वेळ जातो. तेव्हा दिवस गेल्यावर तिसरा महिना संपत आल्यावर नव्हे, मूल हवे असे ठरवाल तेव्हाच या.