ब्रूनोचं ताट आणि मावशींचा कप

पुण्यात ओळखीच्या एका कुटुंबाकडे मागच्या वर्षी जेवायला गेले होते. नवरा-बायको दोघंही शिकलेले, वाचणारे, स्वतःला पुरोगामी म्हणवणारे. घरात ब्रूनो नावाचा लॅब्रेडॉर. आम्ही जेवायला बसलो तसा तो काकांच्या खुर्चीला खेटून बसला. काका पोळीचा एक घास स्वतः खात, दुसरा त्याला भरवत. शेवटी थोडा वरणभात उरलेलं ताटच त्यांनी खाली ठेवलं आणि ब्रूनोनं ते चाटूनपुसून लख्ख केलं. "आमचा धाकटा मुलगाच आहे तो," काकू कौतुकानं म्हणाल्या.

थोड्या वेळानं भांडी घासायला मावशी आल्या. काकूंनी सगळ्यांसाठी चहा टाकला. मला चिनीमातीच्या कपात मिळाला. मावशींनी कुणी न सांगता खिडकीच्या गजाशी पालथा ठेवलेला, कान तुटलेला कप घेतला. गॅलरीत जमिनीवर बसून चहा प्यायल्या, कप विसळला आणि पुन्हा तिथंच पालथा घातला. मग ब्रूनोनं चाटलेलं ताट त्यांनीच घासलं आणि ते घरच्या बाकीच्या ताटांबरोबर मांडणीत लागलं.

कुत्रा मुलगा झाला, बाई मावशी झाली. दोन्ही नाती मानलेलीच. पण एका नात्यात ताट एक झालं, दुसऱ्यात कपसुद्धा एक होऊ शकला नाही.

आधीच सांगते, माझी तक्रार ब्रूनोबद्दल नाही. आमच्या वस्तीत कुत्री कायमच होती. माझी आजी शेवटची चतकोर भाकरी मोत्यासाठी बाजूला काढायची, घरात भाकरी मोजकी असली तरी. मुक्या जिवाला आपल्या घासातला घास देणं ही चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न वेगळा आहे. ज्या घरात कुत्र्याचं उष्टं चालतं, त्या घरात माणसाचा हात लागलेला कप का चालत नाही?

यावर ठरलेलं उत्तर येतं : "जात वगैरे आम्ही मानत नाही हो, स्वच्छतेचा प्रश्न आहे." ठीक आहे, स्वच्छतेच्याच मुद्द्यावर बोलू. कुत्र्याच्या पोटातले काही जंत माणसाला होऊ शकतात, म्हणून त्याला वेळच्या वेळी जंतनाशक द्यावं लागतं. त्याचं भांडं वेगळं ठेवायचा सल्ला कुठलाही पशुवैद्य देईल. आपल्या ताटातलं सगळं त्यालाही मानवत नाही. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट त्याला बाधतं. म्हणजे वेगळ्या भांड्याला वैद्यकीय कारण कुठं असेल तर ते कुत्र्याच्या बाबतीत आहे. मावशींच्या बाबतीत ते शून्य आहे. ज्या हातांनी घासलेल्या ताटात तुम्ही दोन वेळा जेवता, तेच हात त्याच घरातल्या कपाला लागले तर नेमका कोणता रोग होतो?

तेव्हा हा स्वच्छतेचा प्रश्न नाही, विटाळाचा आहे. आणि विटाळाचा म्हटला, तर कुत्र्याचं प्रकरण फारच बोलकं ठरतं. कारण ज्या शास्त्रानं आम्हाला गावाबाहेर घातलं, त्यानं कुत्र्यालाही आमच्याच ओळीत बसवलं होतं. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात ब्राह्मण जेवत असताना कुणाची नजर पडू नये त्याची यादी आहे. तिच्यात चांडाळ, डुक्कर, कोंबडा, कुत्रा आणि रजस्वला स्त्री एकत्र आहेत. त्याच अध्यायात कुत्रे, पतित आणि श्वपच यांच्यासाठी अन्न जमिनीवर ठेवायला सांगितलं आहे. दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावं, फुटक्या भांड्यांत जेवावं आणि कुत्री-गाढवं हीच त्यांची संपत्ती असावी, असा नियम आहे. गॅलरीतला कान तुटलेला कप कुठून आला, हे वेगळं सांगायला नको.

पण त्या ओळीतला एक जण आता सुटला आहे. कुत्रा अंगणातून ओटीवर आला, ओटीवरून सोफ्यावर, सोफ्यावरून स्वयंपाकघरात आणि शेवटी ताटात. एक-दोन पिढ्यांत हे सगळं झालं. त्यासाठी ना सत्याग्रह करावा लागला, ना कायदा. धर्म बुडाला अशी ओरडही कुणी केली नाही. सोवळं-ओवळं म्हणजे हजारो वर्षांचे संस्कार, ते एकदम कसे जाणार, असं आम्हाला सांगितलं जातं. कुत्र्यासाठी ते गेले की! म्हणजे मनात आलं तर संस्कार सुटतात. कुणासाठी सोडायचे, एवढाच प्रश्न असतो.

महाडचं उदाहरण आठवा. चवदार तळ्यावर गुरं-कुत्री पाणी पीत, त्यानं ते कधी बाटलं नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरची माणसं ते पाणी प्यायली, तेव्हा मात्र शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' करावं लागलं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली.

संतांच्या गोष्टींचंही असंच झालं. कुत्र्यानं पोळी पळवली तेव्हा तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावलेले नामदेव आपल्याला लहानपणीच सांगितले जातात. मंगळवेढ्याला भिंतीखाली दबून गेलेल्या चोखोबांच्या अस्थी गोळा करून पंढरपूरला महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधणारेही नामदेवच, असं वारकरी परंपरा सांगते. नामदेवांनी दोन्ही केलं. समाजानं कुत्र्याची गोष्ट मुलांना शिकवली आणि चोखोबांच्या जातभाईंना १९४७ पर्यंत त्या दारातून आत येऊ दिलं नाही.

मग कुत्र्याला माफी का मिळाली आणि माणसाला का नाही? समाजशास्त्राच्या वर्गात रोटी-बेटी व्यवहार शिकताना मला याचं उत्तर सापडलं. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'त बाबासाहेबांनी स्पष्ट मांडलं आहे की नुसत्या सहभोजनानं जात मोडणार नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच आहे. सवर्ण समाजाला हे आपल्याआधीच कळलेलं असतं. एका ताटात जेवणारा माणूस उद्या शेजारच्या खुर्चीवर बसेल, परवा पगारवाढ मागेल, त्याचा मुलगा तुमच्या मुलीच्या वर्गात असेल आणि कदाचित तिचा हातही मागेल. कुत्रा यातलं काही मागत नाही. त्याला ताटात घेतलं तरी मालक मालकच राहतो, उलट त्याच्या मोठ्या मनाचं कौतुक होतं. त्याच्याशी रोटीव्यवहार बिनधोक आहे, कारण त्याच्यामागून बेटीव्यवहार येत नाही. म्हणून हे प्रेम खरं असलं तरी ती समता नव्हे. समता बरोबरीच्या माणसाशी करावी लागते, आणि तिथंच हात आखडतो.

हे एका घरापुरतं असतं तर मी लिहिलं नसतं. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात देशभरातल्या ४२,००० हून अधिक कुटुंबांना अस्पृश्यतेबद्दल विचारलं होतं. पाळत नाही म्हणणाऱ्यांना पुढं आणखी एक प्रश्न होता : अनुसूचित जातीची व्यक्ती तुमच्या स्वयंपाकघरात आली किंवा तिनं तुमची भांडी वापरली तर चालेल का? दोन्ही मिळून सुमारे २७ टक्के कुटुंबांनी कुठल्या ना कुठल्या स्वरूपात अस्पृश्यता पाळत असल्याचं मान्य केलं. हे फक्त कबूल करणारे. तमिळनाडूतल्या चहाच्या टपऱ्यांवरच्या दोन पेल्यांच्या पद्धतीबद्दल आपण बोलतो, लिहितो. महानगरांतल्या फ्लॅटमधला दुसरा पेला मात्र कुणाला दिसत नाही, कारण तो बंद दाराआड असतो आणि त्याला 'मावशींचा कप' असं मायेचं नाव असतं.

दाराबाहेरही तेच आहे. पाळीव कुत्र्यांना लिफ्ट बंद करता येणार नाही, असं भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. ते योग्यच आहे. पण कामवाल्या बायकांना 'सर्व्हिस लिफ्ट'नंच यायला लावणाऱ्या सोसायट्या आजही आहेत. घरकामगारांच्या हक्कांसाठीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८९ क्रमांकाचा करार २०११ साली झाला, त्याला भारतानं अजून मान्यता दिलेली नाही.

आणि अन्नाचं काय? ब्रूनोसाठी रोज ताजं चिकन उकडतात, त्याचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलेलं आहे. मावशींना काल रात्रीची भाजी डब्यात घालून देतात. शिळे तुकडे मागून खाणं सोडा, असं बाबासाहेबांनी महाडला सांगितलं होतं. आमच्या माणसांनी ते ऐकलं. देणाऱ्यांनी मात्र देणं सोडलं नाही, फक्त टोपलीऐवजी डबा आला.

आता माझ्याबद्दल. माझ्या आत्यानं आयुष्यभर लोकांची धुणीभांडी केली. प्रत्येक घरात तिचा एक कप होता. "माझा कप" असं ती म्हणायची, आणि लहानपणी मला वाटायचं की तिला प्रत्येक घरात स्वतःचा कप आहे म्हणजे तिचा केवढा मान! त्या दिवशी पुण्यात मावशींनी गजाशी हात नेला तेव्हा मला तो मान कळला. माझ्या आडनावावरून जात कळत नाही, म्हणून माझ्या हातात चांगला कप होता. मी काही बोलले नाही. चहा प्यायले आणि निघून आले. त्या गप्प बसण्याची लाज आहे, म्हणून हे लिहिते आहे.

कुत्र्याला ताटाबाहेर काढा असं मी म्हणत नाही. त्याला द्या घास, खुशाल द्या. पण आज मावशी येतील तेव्हा गजाशी ठेवलेला तो कप कचऱ्यात टाका. मांडणीतल्या कुठल्याही कपात चहा ओता, त्यांना खुर्चीवर बसायला सांगा आणि समोर बसून आपलाही प्या. डब्यात भाजी घालायची असेल तर आज केलेली घाला, आणि महिन्याच्या शेवटी पगार पुरेसा आहे का ते विचारा. त्या वेळी तुमचा हात जरासा जरी थबकला, तर तो का थबकला हे ब्रूनोकडं बघून स्वतःला विचारा.