समन्स दारी, विमा कंपनी अंधारात

शिरूरहून न्हावरे-चौफुलामार्गे दौंडकडे जाताना उसाच्या हंगामात वाहनास वाहन घासणे नवे नाही. चारचौघांत तोंडी तडजोड होते आणि प्रकरण मिटले, असे मोटारमालक गृहीत धरतो. कायदा तसे मानत नाही. दुखापत झाली असल्यास पोलिसांनी ४८ तासांत प्रथम अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे पाठवावा, असे २०२२ चे नियम सांगतात; पुढील सविस्तर अहवालास दाव्याचेच रूप येऊ शकते. शिवाय जखमीस स्वतःच्या गावच्या न्यायाधिकरणातही दाद मागता येते. समन्स परगावचे म्हणून दुर्लक्षिले, तर निकाल एकतर्फी लागण्याची भीती असते.

खरी मेख विम्यात आहे. तृतीय पक्ष विमा असल्यास भरपाईचा भार प्रायः कंपनी उचलते. मात्र तिला तत्काळ लेखी कळविणे आणि तिच्या संमतीविना चूक कबूल न करणे, ही पॉलिसीचीच अट. रस्त्यावर समजूतदारपणा दाखविणारा मालक नेमकी तीच मोडतो! चालकाचा परवाना वैध नसल्याचे व त्यात मालकाची कसूर असल्याचे सिद्ध झाले, तर जखमीस दिलेली रक्कम कंपनी मालकाकडून वसूल करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात हेच स्पष्ट केले. म्हणूनच लेखी म्हणण्यासोबत पॉलिसी, परवाना व नोंदणीपत्राच्या प्रती पहिल्याच तारखेस दाखल होणे मालकाच्या हिताचे ठरते.