दुपारची सवलत, पहाटेचा गिझर

या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक रंगीत चित्र आलं. हसऱ्या चेहऱ्याची एक बाई गिझरचं बटण दाबते आहे, भिंतीवरच्या घड्याळात दुपारचे दोन वाजलेत आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘गिझर दुपारी लावा, वीजबिल वाचवा!’ मूळ कुणाचं ते कळायला मार्ग नाही, या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरत आलेलं. त्याखाली भराभर अंगठे पडले आणि माझी सकाळ बिघडली. पाणी आणि पहाट या दोन विषयांवर मी या सदरात पुन्हा पुन्हा येते, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे. या चित्रात दोन्ही विषय होते, आणि दोन्ही चुकलेले होते.

आधी वस्तुस्थिती सांगून टाकते. ज्या घरी स्मार्ट टीओडी, म्हणजे वेळेनुसार वीज मोजणारा मीटर बसला आहे, त्या घरगुती ग्राहकाला सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत, अशी योजना १ जुलै २०२५ पासून महावितरणने सुरू केली. तिच्यामागे केंद्राचा जून २०२३चा नियम आहे. उन्हाच्या तासांत वीज नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्क्यांनी स्वस्त असावी आणि स्मार्ट मीटर बसला की वेळेनुसार दर लागू व्हावा, असं तो सांगतो. कारण उघड आहे. दुपारी सौर वीज भरपूर असते आणि संध्याकाळी ती उतरते तेव्हाच मागणी चढते. जुना मीटर महिन्याची एकूण युनिटं मोजायचा, नवा कोणत्या वेळी किती वापरली हेही टिपतो. यात मला काहीही वावगं वाटत नाही.

मला राग आहे तो त्या चित्राचा. दुपारी दोनला घरी बसून गिझर लावणारी ही बाई आपल्या पिंपरी-चिंचवडमध्ये नेमकी राहते कुठे? आमच्या मजल्यावरच्या घरात नवरा चाकणला फर्स्ट शिफ्टला जातो, बायको तळवड्याला नोकरी करते. मी तिला चित्र दाखवलं तर ती म्हणाली, “काकू, दुपारी दोनला आमच्या घरात चिटपाखरू नसतं हो.” मग तिने आपली पहाट सांगितली. चारला गजर, आधी गिझर, मग गॅसवर एकीकडे चहा आणि दुसरीकडे डब्याची भाजी. नवऱ्याची अंघोळ होऊन तो बसच्या स्टॉपवर पोचेपर्यंत बाहेर उजाडलेलंही नसतं. त्यानंतर मुलांची अंघोळ, मुलांचे डबे, सगळ्यात शेवटी तिची अंघोळ आणि आठच्या आत दाराला कुलूप. सवलतीचा पहिला तास सुरू होतो तेव्हा त्या घरातली गरम पाण्याची सगळी कामं उरकलेली असतात.

हे एकाच घराचं नाही. निगडी, यमुनानगर, चिखली, मोशी, भोसरी इथे पहाटे कुठल्याही मुख्य रस्त्यावर उभं राहावं. कंपन्यांच्या बसेस एकामागून एक येतात आणि पाठीला सॅक लावलेली माणसं न बोलता त्यात चढतात. बसेस पुढे जातात त्या चाकण पट्ट्यातल्या निघोजे, महाळुंगे, खालुंब्रे, सावरदरीकडे. या माणसांच्या मागे तितकीच घरं आणि तितकेच गिझर पहाटे पेटलेले असतात. हे शहर शिफ्टवर चालतं. मुलाला शाळेत कोण सोडणार, लग्नाला कोण जाणार, गणपतीची आरती किती वाजता होणार, हे सगळं इथे शिफ्ट बघून ठरतं.

कुणी म्हणेल, गिझर म्हणजे साठवणीचाच की. दुपारी तापवा, पाणी पहाटेपर्यंत गरम राहील. म्हणून मी वही घेऊन हिशेब मांडला, तो वाचकांनीही पडताळून पाहावा. २५ लिटर पाणी २२ अंशांवरून ५७ अंशांवर न्यायला साधारण एक युनिट वीज लागते. त्यावर सवलत मिळते ८० पैसे ते १ रुपया. पण संध्याकाळी पाचला गरम असलेलं पाणी पहाटे पाचपर्यंत टाकीत नुसतं उभं राहिलं, तर बऱ्यापैकी चांगल्या गिझरमध्येही बारा तासांत पाव युनिटाच्या आसपास उष्णता निघून जाते. जुना, आतून क्षार चढलेला गिझर असेल तर त्याहून जास्त. महिन्याला १०० युनिटांच्या पुढे वापर असलेल्या घराला, सगळे आकार धरून, वरचं युनिट दहा रुपयांच्या पुढे पडतं. म्हणजे रुपया वाचवायला अडीच रुपये घालवायचे आणि वर पाणीही आधीइतकं गरम नाहीच. ज्या घराला पहाटे पाणी लागतं त्याने पहाटेच तापवावं, हाच त्याच्यासाठी स्वस्त मार्ग आहे. हे एवढं साधं गणित त्या चित्राखाली अंगठे देणाऱ्यांपैकी कुणीतरी करायला हवं होतं.

साठवलेल्या उष्णतेची ही कल्पना आली आहे थंड देशांतून. ब्रिटनमध्ये १९७८ साली रात्रीच्या सात तासांसाठी स्वस्त दर सुरू झाला. मोठी वीजकेंद्रं रात्री बंद करता येत नाहीत, म्हणून तेव्हाची वीज खपवायची होती. घरोघरी जड विटा भरलेले हीटर होते, रात्री त्या विटा तापायच्या आणि दिवसभर खोली उबदार ठेवायच्या. महत्त्वाचं हे की बटण दाबायला रात्री कुणी उठायचं नाही. अनेक घरांत दीर्घ लहरींवरच्या रेडिओ प्रसारणातून संकेत यायचा आणि मीटरजवळचं उपकरण हीटर आपोआप चालू-बंद करायचं. ऑस्ट्रेलियातही अनेक घरांत गरम पाण्याच्या टाक्या विजेच्या वेगळ्या तारेवर असतात, त्या रात्री तापायच्या. छपरावरची सौर वीज वाढली तशी दक्षिण ऑस्ट्रेलियाने ती वेळ दुपारकडे ओढायला सुरुवात केली. स्वस्त दर आणि उपकरण यांची गाठ तिथे यंत्राने घालून दिली. आपल्याकडे मीटर फक्त वेळ टिपतो, गिझरला त्याची खबर नसते. मधली सगळी धावपळ घरातल्या बाईने करायची, असं गृहीत धरलेलं आहे. माझा खरा आक्षेप इथे आहे.

कारखान्यांना मात्र विजेचं घड्याळ नवं नाही. उद्योगांना वर्षानुवर्षं रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपया सवलत होती. भोसरीतल्या हीट ट्रीटमेंटवाल्यांनी, भट्टी चालवणाऱ्या लघुउद्योजकांनी आपलं जास्त विजेचं काम रात्रीवर नेलं ते त्यामुळेच. त्या सवलतीसाठी किती माणसं रात्रपाळीत जागली, किती घरांत दिवसा पडदे ओढून मुलांना ‘हळू बोला, बाबा झोपलेत’ सांगावं लागलं, हे कुठल्या दरपत्रकात लिहिलेलं नसतं. २०२५च्या दरआदेशाने सवलतीची वेळ रात्रीवरून उन्हाच्या तासांवर आणली. भट्टी एकदा तापवली की मनात आलं म्हणून विझवता येत नाही, त्यामुळे छोट्या मालकांची तारांबळ मला समजते. तरीही एक गोष्ट मनापासून सांगते. या बदलामुळे काही रात्रपाळ्या दिवसावर येणार असतील, तर मला त्याचा आनंद होईल. शरीराला रात्री झोप लागते, आणि वीज स्वस्त मिळते म्हणून माणसाने जागावं हे मला कधीच पटलेलं नाही.

आता दुपारच्या सवलतीचं काय करायचं? माझं उत्तर गिझरमध्ये नाही, गच्चीवर आहे. प्रत्येक सोसायटीत गच्चीवर पाण्याची टाकी असते आणि खाली पंप असतो. टाकीत चढवलेलं पाणी दुपारी चढवा नाहीतर रात्री, त्यातलं काही हवेत उडून जात नाही. पाच हॉर्सपॉवरचा पंप तासाला साधारण चार युनिटं घेतो. रोज तीन तास चालला तर बारा युनिटं, म्हणजे दिवसाला दहा-बारा रुपयांची सवलत, महिन्याला तीनशेच्या आसपास. मोठ्या सोसायटीत असे अनेक पंप असतात, शिवाय सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे (एसटीपी) ब्लोअर. सामाईक मीटर घरगुती दरात असेल आणि स्मार्ट झालेला असेल, तर पैसे तिथे आहेत. त्यासाठी कुणाला पहाटे उठायला नको की दुपारी घरी थांबायला नको. एक टायमर आणि पाण्याची पातळी बघणारा एक सेन्सर पुरतो.

अडचण आहे ती महापालिकेच्या पाण्याची. नोव्हेंबर २०१९ पासून शहरात दिवसाआड पाणी येतं. ते येईल तेव्हा खालची टाकी भरून घ्यायची आणि टँकर येईल तेव्हा टँकरवाल्याची वेळ सांभाळायची. खालची टाकी लहान असेल तर पाणी आलं की लगेच वर चढवण्यावाचून गत्यंतर नसतं, मग संध्याकाळचे सात वाजलेले असोत की रात्रीचे अकरा. या विषयावर मी बोलायला लागले की थांबत नाही. पण पाण्याची वेळ आणि विजेची वेळ दोन वेगळ्या यंत्रणा स्वतंत्र ठरवतात, आणि त्या जुळवायचं काम वॉचमनवर पडतं, हे मला बघवत नाही. शक्य त्या भागात पाणी सकाळी नऊनंतर सोडता येईल का, एवढं तरी दोन्ही यंत्रणांनी एकत्र बसून तपासावं.

एकत्र बसण्याची गोष्ट मी हवेत करत नाही. याच पट्ट्याने ती करून दाखवली आहे. २००६ साली राज्य भारनियमनाने बेजार झालं होतं. तेव्हा पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या उद्योगांनी आपले जनरेटर चालवून ग्रिडची वीज शहरासाठी मोकळी केली. डिझेलचा वाढीव खर्च ग्राहकांच्या बिलातून थोडा थोडा वसूल झाला, वीज नियामक आयोगाने त्याला मान्यता दिली आणि शहर भारनियमनातून सुटलं. त्याला पुणे मॉडेल म्हणत. त्यात उद्योग होते, महावितरण होतं, आयोग होता आणि बिल भरणारे तुम्ही-आम्हीही होतो.

तसंच आता व्हायला हवं. महावितरण आणि महापालिकेला माझं सांगणं एवढंच. प्रत्येक घराच्या बिलावर सवलतीच्या वेळेत किती युनिटं पडली आणि त्यामुळे किती रुपये वाचले, हे मोठ्या अक्षरांत आणि सोप्या मराठीत छापा. सोसायट्यांच्या सामाईक मीटरांकडे आधी लक्ष द्या. पंपांना टायमर बसवायला मदत करा. फर्स्ट शिफ्टच्या घरांना दुपारी गिझर लावायचे सल्ले देऊ नका, त्यांच्यासाठी गच्चीवरचे बंद पडलेले सौर बंब दुरुस्त करायची मोहीम काढा. दुपारच्या उन्हात तापलेलं पाणी चांगल्या टाकीत सकाळपर्यंत टिकतं आणि त्याला मीटर लागत नाही. आमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत पंपाच्या वेळांचा आणि सौर बंबांच्या दुरुस्तीचा असे दोन्ही ठराव मी मांडणार आहे. तुम्हीही आपापल्या सोसायटीत मांडा, आणि सभा रविवारी सकाळी ठेवू नका. सेकंड शिफ्टची माणसं तेव्हा झोपलेली असतात.