शाहीर म्हणायचे आणि मोकळे व्हायचे

बीडहून सोलापूरला जाणारा महामार्ग आणि पाटोद्याकडून केजकडे निघालेला रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, त्या मांजरसुंब्याच्या चौकात दसरा-दिवाळीनंतर तासभर थांबून पाहावे. ट्रक, ट्रॅक्टर, त्यांवर भांडीकुंडी, पोरेबाळे, आणि मुकादमाची उचल घेऊन कारखान्याच्या वाटेला लागलेली जोडपी. एका चर्चासत्राहून परतताना याच चौकात माझे एका विद्वान सहकाऱ्यांशी भांडण झाले. विषय होता अमर शेख. ते म्हणाले, "शाहीर म्हणून मोठेच, प्रश्नच नाही. पण कवी म्हणून..." आणि वाक्य तिथेच सोडून त्यांनी चहा मागवला. प्रस्तुत लेखन त्या अर्ध्या वाक्याविरुद्ध आहे.

हेच सहकारी 2016 साली बॉब डिलनला नोबेल मिळाले तेव्हा हर्षभरित झाले होते. गाणे हे साहित्य असते काय, यावर तेव्हा आपल्या मराठी विभागांतूनही हिरिरीने चर्चा झाली. प्रश्न आपल्या अंगणातला होता. तो स्टॉकहोमहून आला तेव्हा आपल्याला ऐकू आला. मग कुणीतरी उत्साहाने म्हणाले, अमर शेख म्हणजे आपले डिलनच. ही तुलना मला त्या अर्ध्या वाक्याइतकीच अपमानास्पद वाटते. 1944 साली अण्णाभाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख यांचे लाल बावटा कलापथक उभे राहिले, तेव्हा डिलन तीन वर्षांचे होते. पण वयाचा हिशेब गौण आहे. आपल्या माणसाची उंची मोजायला परकी पट्टी लागते, ही खरी नामुष्की.

बार्शीत 20 ऑक्टोबर 1916 रोजी जन्मलेला महबूब हुसेन पटेल आईच्या तोंडच्या ओव्या ऐकत वाढला. गाडीवर क्लीनर, गिरणीत मजूर, संप, विसापूरचा तुरुंग, असे करीत तो अमर शेख झाला. मुसलमान घरातला हा मुलगा पोवाडा गात कामगारांच्या सभांत उभा राहिला आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचा आवाज ठरला, याचे आज कौतुक करताना आपण किंचित चपापतो हेही नोंदवून ठेवावे. अण्णाभाऊ 18 जुलै 1969 रोजी गेले. बरोबर सहा आठवड्यांनी, 29 ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे काव्यसंग्रह आहेत. त्यांची कन्या मल्लिका अमर शेख यांच्या कवितेवर वर्गात बोलले जाते. बापाचे नाव आले की मात्र 'पहाडी आवाज' एवढे दोन शब्द उच्चारून पुढच्या कवीकडे वळायचे, अशी रीत पडली आहे. पहाडी आवाज हे समीक्षेचे विधान नव्हे. तो समीक्षा टाळण्याचा शिष्टसंमत मार्ग आहे.

मुळात गेय ते गौण, हा न्याय आपण कधीपासून मानू लागलो? मांजरसुंब्यापासून काही मैलांवर कपिलधार आहे. तिथे मन्मथस्वामींची समाधी आहे, कार्तिकी पौर्णिमेला यात्रा भरते, आणि दिंड्या त्यांचे अभंग गात येतात. 'परमरहस्य' लिहिणाऱ्या या संतकवीला 'गायक म्हणून मोठे, कवी म्हणून...' असे म्हणण्याचे धाडस कुणी करीत नाही. तुकोबांच्या बाबतीत तर नाहीच. टाळ चालतो आणि डफ चालत नाही. मोक्षासाठी गायलेले वाङ्मय ठरते आणि मजुरीसाठी गायलेले प्रचार ठरतो. यामागे कोणता सौंदर्यविचार आहे, ते मला अजून कुणी सांगितलेले नाही.

अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड घ्या. अण्णाभाऊंनी ती लिहिली, अमर शेखांनी ती मैदानामैदानांतून गायली. वरवर ही गावी राहिलेल्या बायकोची विरहिणी. पण लावणीतल्या शृंगाराची सारी सामग्री वापरून, पोटासाठी मुंबईला आलेला कामगार आधी त्या शहराची श्रीमंती न्याहाळतो आणि मग बेळगाव, कारवार, डांग, उंबरगावच्या तुटलेपणापाशी येतो. एका बाईपासूनची ताटातूट एका प्रदेशाची ताटातूट होते, आणि पहिली दुसरीत विरघळून जात नाही. प्रतिमा अशी वाढत नेणे ज्याला कविता वाटत नाही, त्याने नवकवितेवरची आपली व्याख्यानेही एकदा तपासावीत. शिवाय इथे कर्ता कोण, हाही प्रश्न आहे. लिहिणारा एक, गळा दुसऱ्याचा. आपल्या वाङ्मयेतिहासाला फक्त लेखणी दिसते. अण्णाभाऊ 'फकिरा'मुळे, म्हणजे कादंबरीच्या दाराने, आत आले. अमर शेखांजवळ तसे दार नव्हते.

सहकाऱ्यांचा एक आक्षेप मात्र मी मान्य करतो. कागदावर वाचताना अमर शेखांच्या काही रचना ढिल्या वाटतात, घोषणा रचनेवर चढून बसते. खरे आहे. मग तसे लिहा ना! कुठली ओळ पडते, कुठली सभेत तरून जाते आणि छापल्यावर का बुडते, याची चिकित्सा करा. ती करायला आवाजही ऐकावा लागेल, ध्वनिमुद्रण हे पाठ्यसाधन मानावे लागेल. जयंतीला हार घालणारा आणि वर्गात गाळणारा असे दोघेही एकाच गोष्टीतून सुटका करून घेतात: वाचण्यातून.

चहा संपेपर्यंत आणखी तीन ट्रॅक्टर गेले. 'मैने'तली बायको गावी राहिली होती. इथली राहत नाही. नवराबायको मिळून एक कोयता मोजला जातो. ती अर्धा कोयता असते. याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली विधिमंडळापर्यंत गेला. विरहाची ती जुनी चौकट या बाईला पुरत नाही, छक्कड नव्याने बांधावी लागेल, असे मी म्हणालो. सहकारी म्हणाले, "तुम्ही म्हणता ते समाजशास्त्र झाले." गाडी केजच्या रस्त्याला लागली तरी आमचे भांडण चालूच होते.