विश्वास आहे ना? मग लिहून ठेवा!



भागीदारीत धंदा सुरू करताना एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आपल्यात कसला आलाय हिशोब? विश्वास आहे ना!" ऐकायला छान वाटतं. पण माझं स्पष्ट मत आहे, बऱ्याच भागीदाऱ्या मोडायला सुरुवात याच वाक्यापासून होते.

समजा, दोन मित्रांनी नाश्ता सेंटर काढलं. एकाने दोन लाख घातले. दुसऱ्याने पहाटे चारला उठून कढईसमोर उभं राहायचं ठरलं. गल्ल्यावर पैसे घालणारा बसतो. क्यूआर कोडही त्याच्याच खात्याचा, कारण सुरुवातीला तेच सोयीचं होतं.

सहा महिने मजेत जातात. मग एका रविवारी तुफान गर्दी होते आणि रात्री मित्र सांगतो, "आज सात हजार झाले." कढईवाल्याच्या मनात पाल चुकचुकते. एवढ्या प्लेटा गेल्या, मग सातच हजार? पण मित्राला विचारायचं कसं? घरी बायको म्हणते, "राबायचं तुम्ही आणि पैसा त्यांच्या खात्यात!" दुसऱ्या दिवसापासून तो गुपचूप प्लेटा मोजायला लागतो. तिकडे गल्ल्यावरच्यालाही वाटायला लागतं, हा तेलाचे डबे जास्त का मागवतोय?

आता सांगा, यात चोर कोण? कदाचित कोणीच नाही. मित्राने फक्त रोख मोजली असेल, ऑनलाइन आलेले सांगायचे राहिले असतील. पण जिथे आकडा दिसत नाही तिथे माणूस अंदाज लावतो, आणि दमलेला माणूस वाईटच अंदाज लावतो.

आपला भारतीय भागीदारी कायदा 1932 सालचा आहे. त्याचं कलम 9 भागीदारांना एकमेकांशी प्रामाणिक राहायला सांगतं, आणि त्याच दमात खरा हिशोब द्यायलाही सांगतं. म्हणजे विश्वास आणि हिशोब कायद्याने एकाच ओळीत बसवलेत, आपणच त्यांची फारकत केली! कलम 12 प्रमाणे फर्मच्या वह्या बघण्याचा हक्क प्रत्येक भागीदाराला आहे. तेव्हा वही मागणं म्हणजे आरोप नाही.

आणि लिहिलं नाही तर? कलम 13 वाचा. वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफा-तोटा सारखा वाटायचा, आणि कामाबद्दल वेगळा पगार मागता येत नाही. म्हणजे पहाटे चारला उठणाऱ्याला मजुरी नाही, आणि दोन लाख घालणाऱ्याला जास्त वाटाही नाही. दोघांनाही वाटणार, आपल्याला फसवलं! शिवाय फर्मची नोंदणी नसेल, तर करारातला हक्क मागायला भागीदारावर दावा लावायचा रस्ताही कलम 69 अडवतं.

म्हणून चार गोष्टी करा:

1. कोण काय घालणार, कोण किती राबणार आणि कोणाला काय मिळणार, ते करारात लिहा. फर्मची नोंदणी करा.
2. क्यूआर कोड फर्मच्या खात्याचा लावा, कोणाच्या खासगी खात्याचा नको.
3. रोज रात्री रोख, ऑनलाइन आणि उधारी असे तीन आकडे वहीत लिहा. खाली दोघांच्या सह्या.
4. शंका आली तर आठवड्याच्या आत विचारा. "पैसे गेले कुठे?" असं नाही, "चल, रविवारची बेरीज पुन्हा करू या" असं. प्रश्न आकड्याला विचारा, माणसाला नको.

काही जण म्हणतील, ज्याला खायचंच आहे तो वही असूनही खाईल. खरंय. पण वही असेल तर तो लवकर सापडेल. आणि जो प्रामाणिक आहे, त्याच्यासाठी तर ती वहीच साक्षीदार आहे. वही नसेल तर चोर आणि साव दोघेही सारखेच दिसतात.

एवढं सांगूनही भागीदार म्हणाला, "माझ्यावर विश्वास नाही का?" तर हसून सांगा, "आहे रे. तो टिकावा म्हणूनच लिहितोय."